लेबलावरचे नाव

फोंड्याला दुकानाचे अप्रूप नाही. देवगड-निपाणी रस्ता जिथे घाट चढायला लागतो तिथे पायथ्याशी आमचे गाव. इथे आधी वस्ती झाली की आधी बाजार, असा प्रश्न पडावा. खालून मीठ आणि सुकी मासळी वर जायची, वरून गूळ-मिरची खाली यायची, आणि मध्ये फोंड्यात माणसे थांबायची. त्यामुळे आम्ही ऑनलाइन दुकान काढतो आहोत हे कळल्यावर मोहल्ल्यात कुणी दचकले नाही. एवढेच विचारले, "जागा कुठे घेतली?" जागा लागत नाही हे समजावताना मात्र घाम फुटला.

'आम्ही' म्हणजे अम्मी, भाभी आणि उर्दू माध्यमाच्या शाळेतून सुटल्यावर उरलेले आमचे दोन-तीन तास. उर्दूत एकटा माणूसही अदबीने स्वतःला 'हम' म्हणतो. इथे तसे नाही, इथे खरेच तिघे आहेत. माल अम्मींच्या हातचा, पॅकिंग भाभीचे, कागदपत्रे आमची. भाई 2020 मध्ये कुवेतहून घरी आले ते परत जाऊ शकले नाहीत. आता रिक्षा चालवतात. भांडवल म्हणून भाभीने आपल्या भिशीचे अठरा हजार काढून दिले. ते बुडाले तर पुढच्या जूनमध्ये पोरांच्या वह्या-पुस्तकांना हात आखडावा लागेल. एवढी साधी गोष्ट आहे.

दुकान अम्मींच्या नावावर. नोकरीतल्या शिक्षकाला वरिष्ठांच्या परवानगीवाचून व्यापार करता येत नाही, घरचे कुणी करणार असेल तर कळवावे लागते. ते आम्ही आधी लेखी कळवले आणि पोच घेतली. पाठटाचण काढायची सवय बी.एड.ने लावली, तीच इथे उपयोगी पडली. उद्दिष्ट, साहित्य, कृती असे रकाने आखून कागद भिंतीला चिकटवला.

खरे तर धंदा नवा नाहीच. मुंबईला राहणाऱ्या खाला, मामू, त्यांचे शेजारी, सगळे मे महिन्यात सांगावा धाडायचे आणि अम्मी एसटीने, नाहीतर परतणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीतून आमसूल पाठवायच्या. त्याची वही आहे. उर्दूत. मजकूर उजवीकडून डावीकडे, पण आकडे डावीकडून उजवीकडे, त्यामुळे एका ओळीत डोळ्यांना दोनदा वळावे लागते. ती वही मोबाइलच्या तक्त्यात उतरवून घ्यायला आम्हाला आठवडा लागला. तेव्हा कळले की वीस-बावीस वर्षांत अम्मींचे जेमतेम सहा गिऱ्हाइकांनी पैसे बुडवले. शिवाय भाव ठरवताना त्यांनी स्वतःच्या मेहनतीचा एक पैसाही कधी धरला नव्हता! मीठ धरले, पिशवी धरली, एसटीचे भाडे धरले. उन्हात घालवलेले दिवस धरले नाहीत.

आणि ते दिवस थोडे नसतात. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात. फोडून बी-गर बाजूला, सालींना मीठ, मग साली उन्हात. सुकल्या की पुन्हा त्याच रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. अम्मी सात पुटे देतात. एक वळीव आला की घरभर परड्या आणि सुपे. जूनच्या आत जे झाले ते वर्षाचे. म्हणून दुकानात 'साठा संपला' ही पाटी आम्ही आधीच तयार करून ठेवली आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने ऊन वाढत नाही.

आता कागद. उद्यम नोंदणी आधारवर, फुकट, घरबसल्या झाली. अन्नसुरक्षेची नोंदणी 2025 मध्ये केली तेव्हा वर्षाला शंभर रुपये शुल्क होते, बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकासाठी. त्यातून चौदा आकडी क्रमांक मिळतो. अडले ते अम्मींच्या नावापाशी. आधारवर नावातल्या 'निसा'च्या आधी एक 'एन', पॅनवर दोन, आणि बँकेच्या पासबुकात शेवटी 'बी'. एक बाई, तीन स्पेलिंगे. उर्दूत हे नाव एकाच तऱ्हेने लिहितात, पण उर्दूतले नाव संगणकाला चालत नाही. दुरुस्तीला दीड महिना गेला.

नाव जुळले आणि खरा पेच तिथून सुरू झाला. 2011 च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे पाकिटावर उत्पादकाचे नाव आणि पूर्ण पत्ता हवा, निव्वळ वजन हवे, सर्व करांसह किंमत हवी, तक्रारीसाठी फोन हवा. लेबलाचा नमुना पाहून ओळखीच्या एका व्यापाऱ्याने बाजूला घेऊन सांगितले, "सर्वांना चालेल असं काहीतरी नाव द्या. खाण्याची वस्तू आहे. दिवस कसे आहेत बघताय ना." ते आमचे वाईट चिंतणारे नाहीत. 2024 च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाद्यविक्रेत्यांना नावाच्या पाट्या लावण्याचे आदेश निघाले आणि 22 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती देऊन सांगितले की पदार्थ कोणता ते लिहावे, मालकाचे नाव लिहिण्याची सक्ती नको. हे सगळे त्यांनीही वाचले होते, आम्हीही. आमच्या लेबलाचा कायदा निराळा, तो प्रत्येक उत्पादकाला सारखाच लागू आहे. तरी वाचणारा डोळा तोच.

भाभीचे मत व्यापाऱ्याकडे झुकले. पैसे तिचे, म्हणून ते हलके घेता येईना. दुकानाचे नाव काहीही ठेवा, पण अम्मींचे नाव मागच्या बाजूला, बारीक टाइपात, असा तिचा आग्रह. दोन रात्री घरात याच विषयावर जेवण झाले. आम्हाला देवगडच्या आंब्याचे उदाहरण आठवत होते. कुठलाही आंबा देवगड म्हणून खपवला जातो म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात फळावर खास स्टिकर आणला. एक क्रमांक वर, एक खाली दडलेला, दोन्ही पडताळले की आंबा कुठल्या बागेचा ते कळते. म्हणजे पन्नास मैलांच्या आत एकीकडे आपले नाव राखायला एवढा खटाटोप, आणि इथे आम्हाला नाव झाकायचा सल्ला.

अम्मी बराच वेळ फणसपोळीचे तुकडे कापत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या आमसुलाची सोलकढी या वाडीत कोण कोण पितं, त्यांचीही नावं लिहू का लेबलावर?" भाभी हसली, पण मत बदलले नाही. शेवटी ठरले ते असे : अम्मींचे नाव पुढच्या बाजूला, मालाच्या नावाखाली, वाचता येईल एवढ्या अक्षरात, आणि पहिल्या छपाईला फक्त दोनशे लेबले. विक्री पडली तर दुसऱ्या दोनशेंच्या वेळी भाभी म्हणेल तसे. आम्हाला ही तोड पूर्णपणे पटलेली नाही. पण अठरा हजारांत आमचा एक रुपयाही नाही.

बाकी कामे हातासरशी झाली म्हणावी. फोटोंनी मात्र छळले. आमसूल जितके चांगले तितके फोटोत काळेकुट्ट दिसते. पांढऱ्या ताटलीत, सकाळच्या उन्हात, शेजारी एक ताजा रातांबा ठेवून अखेर जमले. आगळाची चाचणी पार्सले खालाकडे मुंबईला धाडली. पहिल्या खेपेत खारट-आंबट रसाने पत्र्याचे झाकण खाल्ले, दुसऱ्या खेपेत प्लास्टिकचे झाकण टिकले पण प्रवासात बाटली चेपली. आता जाड बाटली, आतून सील, वरून पिशवी आणि भोवती भाताचा पेंढा. पेंढा भाईंची कल्पना. कुवेतला ते गोदामात होते.

सर्वांत गमतीचा भाग कराचा. आमच्याएवढ्या उलाढालीला महाराष्ट्रात वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही, आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून मोठ्या ऑनलाइन मंचांवरही छोट्यांना राज्याच्या आत नोंदणीवाचून विकता येते. पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा तर पहिल्या पाकिटापासून नोंदणी हवी. म्हणजे चंद्रपूरला आमचे आमसूल बिनघोर जाईल आणि हाकेच्या अंतरावरच्या पेडण्याला जाणार नाही. मडगावच्या फुफींनी सर्वांत आधी नाव नोंदवले होते, दोन किलो आमसूल आणि चार बाटल्या आगळ. त्यांना फोन करून सांगितले तर त्या भडकल्या. मग म्हणाल्या, "तुमचं ते ऑनलाइन ठेवा तुमच्याकडे. ईदला मी एसटीने येते आणि घेऊन जाते."