अडलेला पाट

कावीळ हे रोगाचेच नाव आहे, असे आमच्या गावात सगळे मानतात. डोळे पिवळे झाले की गळ्यात काविळीची माळ घालायची, तेलकट बंद करायचे आणि माळ लांबत गेली की कावीळ उतरली म्हणायचे. या समजुतीला हसणे सोपे आहे. पण तिच्यामागे अनुभव आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जाते. पंचाईत होते ती वेगळ्याच रोग्याची. त्याचे डोळेही तितकेच पिवळे असतात, पण त्याच्या पित्ताची वाट अडलेली असते.

गेल्या वर्षी माझ्या आईची वाट अशी अडली. लघवी गडद, शौचाचा रंग पांढुरक्या मातीसारखा आणि रात्रभर अंगाला खाज. आजीने माळ घातली, आबांनी तालुक्याला नेऊन सोनोग्राफी केली. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच, म्हणून रिपोर्ट माझ्या हाती आला. मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीला त्यातले काय उमगणार? डॉक्टरांनी समजावले, ते मी आबांना आमच्या भाषेत सांगितले.

"आबा, यकृतात पित्त तयार होतं, ते पाटानं आतड्यात जातं. तो पाट अडलाय."

आबांनी जन्मभर पाण्याची दारे धरली. ते म्हणाले, "म्हंजे वर पाणी तुंबलं आन् खाली रान कोरडं." पित्ताच्या रंगामुळेच शौचाला रंग येतो, हे त्यांना मग वेगळे सांगावे लागले नाही.

सोनोग्राफीत कानाला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र उमटते. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांनी सहकाऱ्यांसह १९५८ साली पोटाच्या तपासणीतला तिचा उपयोग जगापुढे मांडला. त्याआधी असा ध्वनी धातूतल्या भेगा शोधायला वापरीत. आईच्या पित्ताशयात खडे दिसले. मुख्य पित्तनलिका साधारण ६ मिलिमीटर रुंद असते, ती १२ झाली होती. तुंबलेला पाट दिसला, पण तो कशाने अडला ते दिसेना. नलिकेचे खालचे टोक आतड्याच्या आड असते आणि आतड्यातला वायू ध्वनीला पुढे जाऊ देत नाही. खडा की गाठ? या प्रश्नावर आमचे घर आठवडाभर टांगले होते.

जिल्ह्याच्या गावी एमआरसीपी ठरली. चुंबकाच्या त्या यंत्रात धातू चालत नाही. मंगळसूत्र काढताना आई थबकली. शेजारच्या एका अनोळखी मावशींनी दोऱ्यात हळकुंड बांधून तिच्या गळ्यात घातले, तेव्हा ती आत गेली.

१९९१ साली प्रथम पुढे आलेल्या या तपासणीत क्ष-किरण नसतात, रंगद्रव्यही टोचावे लागत नाही. साचलेला द्रव शुभ्र उमटावा, अशीच तिची योजना असते. चित्रात पांढऱ्या फांद्यांचे झाड दिसले आणि बुंध्यात एक काळा ठिपका. खडाच होता!

पुढे ईआरसीपी झाली. तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन, नलिकेच्या तोंडाला लहानशी चीर देऊन खडा काढला. १९६८ साली अमेरिकेत ही पद्धत सुरू झाली ती नलिका पाहण्यासाठी. पण तिने स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. म्हणून आता आधी चित्र काढतात आणि दुर्बीण घालतात ती मुख्यतः अडथळा दूर करण्यासाठी. पूर्वी ज्यासाठी पोट उघडावे लागे, ते काम आईच्या अंगावर टाक्याची खूण न उमटता झाले. खड्यांचे पित्ताशय नंतर काढले.

मित्रहो, विज्ञान आपल्या शाखेचा विषय नव्हे, असे मीही म्हणत असे. पण डॉक्टरांचे बोलणे आबांपर्यंत नेणारे घरात कुणीतरी लागतेच, आणि ते काम भाषेचे आहे.

आजीचा माळेवरचा विश्वास अजून ढळलेला नाही. कुणी माळ मागायला आले की ती देते. मात्र देण्याआधी आता विचारते, "बाळा, शौचाचा रंग कसा हाय?" आणि उत्तर फिका असे आले, तर माळेसोबत सोनोग्राफीचा पत्ताही सांगते.