शेवट न पाहिलेले सामने

फातोर्ड्याच्या मैदानात आम्ही पुष्कळ सामने पाहिले. त्यांतल्या अनेकांचा शेवट मात्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचला. गोव्याचा फुटबॉल गावागावांत रुजलेला, आणि आमच्या गावाकडची शेवटची बस रात्र चढण्याआधीच निघून जाणारी. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात इराण-गिनी सामना रात्री आठला सुरू झाला. नव्वद मिनिटांचा खेळ, पंधरांचे मध्यंतर, वर भरपाईचा वेळ. म्हणजे संपेतो दहा वाजत आलेले. मडगावचे बसस्थानक मैदानापासून पायी गाठता येते. पण तिथून पुढे गाडीच नसेल तर त्या जवळिकीचा उपयोग काय? 2014 साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगनेही बहुधा रात्रीचीच वेळ धरली. ती पडद्यासमोर बसणाऱ्याच्या सोयीची.

नाटकाचा शेवटचा अंक टाकून उठणाऱ्याला आपण अरसिक म्हणतो. ऐंशीव्या मिनिटाला उठणाऱ्याला तसे म्हणण्यापूर्वी त्याचे गाव विचारावे. शेवट पाहण्याचा अधिकार स्वतःचे वाहन असणाऱ्यापुरताच उरावा, हे आम्हांला खटकते. अखेरच्या शिट्टीनंतर पणजी, वास्को, काणकोण, केपे अशा चार दिशांना एकेक बस सुटली, तरी पुष्कळ झाले.