धारोष्ण दूध आणि दादांचा ताप

आमच्या लहानपणी घरात कोरा चहाच असे. दूध आले तर ते बाळंतिणीसाठी नाहीतर आजाऱ्यासाठी, तेही पावशेर. म्हणून आमच्या थोरल्या बंधूंनी कर्ज काढून दारात संकरित गाय बांधली, तेव्हा आम्हा सर्वांना फार आनंद झाला. धार काढली की दादा पेलाभर धारोष्ण दूध उभ्यानेच पीत. "उकळले की ताकद जाते," असे ते म्हणत आणि आम्हीही मान डोलावत असू.

पुढे गाय सातव्या महिन्यात गाभडली. दादांनी वार उघड्या हातांनीच उचलून पुरली. गाय थोडीफार दुधावर आली आणि दादांचा पेला चालूच राहिला. महिन्याभरात त्यांना ताप सुरू झाला. संध्याकाळी चढे, रात्री घामाने अंथरूण भिजे. कंबर, सांधे धरले. हिवतापाची औषधे झाली, टायफॉइडची झाली, मजुरी बुडाली. अखेर एका डॉक्टरांनी विचारले, "घरी जनावर गाभडले होते का? दूध कच्चे पिता का?" रक्त तपासले, तेव्हा ब्रुसेला नावाच्या जंतूंचा आजार निघाला. दीड महिना गोळ्या घ्याव्या लागल्या.

हे जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली माल्टा बेटावर शोधले. ते शेळ्यांच्या दुधातून येतात हे १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामिट यांनी दाखवले. सैनिकांचे ते दूध बंद होताच त्यांच्यातला ताप झपाट्याने उतरला.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, हिशेबाची माणसे. आमच्या मनात आले, आपला नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा दुधाचा; मग संकलन केंद्रावर हे कळले कसे नाही? पण तिथे दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर. जंतू त्या पावतीवर येत नाहीत. डेअरीच्या प्रयोगशाळेत दहा मिलिलिटर दुधात एक मिलिलिटर निळा रंग, मिथिलीन ब्ल्यू, घालून ३७ अंशांवर ठेवतात. निळेपणा पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात गेला तर जंतू फार. मात्र जंतू कोणते, हे त्यातून कळत नाही. ब्रुसेलासाठी गायीच्या दुधात रंगवलेले मृत जंतू मिसळतात. तासाभराने वरच्या सायीत निळे कडे दिसले, तर गाय संशयित धरून रक्त तपासतात. आमच्या गायीच्या दुधात ते कडे दिसले आणि रक्तानेही तेच सांगितले.

शेजारी म्हणाले, "बाजार दाखवा, कोण विचारतंय?" वहिनी रडवेल्या झाल्या, कर्जाचे हप्ते उरले होते. पण दादा म्हणाले, "माझ्या घरचा ताप मी दुसऱ्याच्या दारात बांधायचा का?" गाय वेगळी बांधली, केंद्राला दूध घालणे बंद केले. हप्ते आम्ही दोघा भावांनी वाटून भरले. या व्यवहारात तोटा झाला, पण तो लपवावा असे आम्हाला कधी वाटले नाही.

माताभगिनींनो, दूध चांगले उकळी येईपर्यंत तापवा. हे जंतू त्यात टिकत नाहीत. गाभडलेल्या जनावराला उघड्या हातांनी शिवू नका. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना लस टोचून घ्या. दादा आता बरे आहेत, आणि दूध उकळूनच पितात.