पिलबाग

मुंबईत गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "आसनगावजवळचं का?" नाही. आमचं शाहपुर बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं. नकाशात मध्य प्रदेश, शाळेत हिंदी, घरात मराठी आणि चहूकडे केळी.

ताई दुसऱ्यांदा नीटला बसली आणि सरकारी जागा थोडक्यात हुकली. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक एजंट यायला लागला. परदेशातलं मेडिकल कॉलेज, नावाजलेल्या युनिव्हर्सिटीची शाखा. "कॅम्पस तिकडे, पण नाव तेच," असं तो म्हणायचा. ताई कितीतरी महिन्यांनी हसायला लागली. पप्पांनी दोन एकर विकायचं मनात धरलं.

घरात इंग्रजी बरं माझं, म्हणून माहितीपुस्तिका वाचायचं काम माझ्याकडे आलं. पप्पांनी एकच विचारलं, "हे पिलबाग आहे, की दुसऱ्याच्या वावरात लावलेलं रोप?"

केळीवाल्या घरातल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. घड कापल्यावर खोडाजवळचं एक पिल राखतात आणि त्याच्यावर पुढचं पीक घेतात, ती पिलबाग. जुनं खोड लगेच काढत नाहीत, कारण त्यातला रस पिलाला मिळतो. रोपाचं तसं नसतं. ते नव्या मातीवरच जगतं.

ताई माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, "पिलबागच आहे."

रात्री झोप लागेना. मोबाईलवर शोधत बसले. शाखा शाखांत किती फरक असतो ते तेव्हा कळलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजची शाखा कतारमध्ये, दोह्याला आहे. तिथून २००८ मध्ये पहिले डॉक्टर बाहेर पडले, आणि त्यांना पदवी कॉर्नेलचीच मिळाली. आपल्या मणिपालने १९९४ मध्ये नेपाळात पोखऱ्याला कॉलेज काढलं. ते चालवतं मणिपाल, पण पदवी काठमांडू विद्यापीठाची. १९९७ मध्ये मलेशियात मलाक्काला काढलेल्या कॉलेजची रीत आणखी वेगळी. मुलं अडीच वर्षं कर्नाटकात मणिपालला शिकायची आणि उरलेली अडीच मलेशियात. तिघांनाही लोक शाखाच म्हणतात. यातलं काहीच लपवलेलं नाही. फक्त ते वाचावं लागतं.

मग नॅशनल मेडिकल कमिशनचा २०२१ चा नियम वाचला. परदेशातून शिकून भारतात डॉक्टरकी करायची तर निदान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा कोर्स हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि त्या देशात प्रॅक्टिस करता येईल अशी पदवी हवी. शिक्षण दोन देशांत वाटलेलं चालत नाही. परत आल्यावर परीक्षा द्यायची आणि इथे पुन्हा वर्षभर इंटर्नशिप.

आमच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं: पदवी तिथल्याच दुसऱ्या एका संस्थेची, आणि शेवटचं वर्ष तिसऱ्याच देशातल्या 'सहयोगी रुग्णालयात'. मोठ्या युनिव्हर्सिटीचं नाव फक्त मुखपृष्ठावर.

तरी मी दोन दिवस गप्प राहिले. ताईने तोवर बॅगसुद्धा बघून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सौद्याचं बोलायला माणूस येणार होता. सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं. पप्पांनी ते पान माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं. ताई उठून आत गेली. महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

आता ती इंदूरला नर्सिंग शिकते. तिच्या वॉर्डात आमच्याकडचा मराठी पेशंट आला की तिलाच बोलावतात. डॉक्टर व्हायचं राहिलं, ते तिला लागतं. मी तिला समजवायला जात नाही.

गेल्या दिवाळीत धीर करून विचारलं, "मी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर?"

"तर मी दोन दिवस कमी हसले असते, बस," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण पप्पांना खोटं सांगायला नको होतं तू."

त्या दोन एकरांत यंदा पिलबाग आहे.