शंकेची पाल

मराठीत शंका येते ती पालीच्या आवाजाने. ‘मनात शंकेची पाल चुकचुकली’ असे म्हणताना भिंतीवरचा तो उपेक्षित जीव बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतो. परंतु लोकमानसाने त्याला सूचकाचे स्थान फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. पंचांगांतून पल्लीपतनाची फळे अवयवागणिक सांगितलेली आढळतात, ती याच समजुतीने. तेव्हा पालीने माणसाला शंकेत पाडावे, यात नवल नाही. नवल आहे ते असे, की कुणी हौसेने पाल पाळावी, तिने अंडी घालावीत, आणि त्या अंड्यांत जीव धरला आहे की नाही, एवढ्या एका प्रश्नाने पाळणाऱ्याची झोप उडावी.

ही पाल घरभिंतीवरची नव्हे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहणाऱ्या एडवर्ड ब्लाइथने १८५४ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांतील कोरडा, खडकाळ मुलूख हे तिचे घर. अंगावर बिबट्यासारखे ठिपके. घरच्या पालीला नसलेल्या हलत्या पापण्या हिला आहेत, आणि भिंत चढण्यासाठी लागणाऱ्या बोटांखालच्या गाद्या मात्र नाहीत. हिच्याच कुळातल्या एका निराळ्या जातीची नोंद २०१४ साली सातपुड्यातून झाली. आज युरोप-अमेरिकेतील कितीतरी घरांत काचेच्या पेटीत ही बिबटी पाल पिढ्यानपिढ्या नांदते आहे.

मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते आणि ती ओलसर मातीत पुरते. घरच्या पालीच्या अंड्याचे कवच चुन्यासारखे कडक असते. हिचे चामड्यासारखे लवचीक, ओल शोषून फुगणारे. फळलेले अंडे दिवसागणिक पांढरे, टणक आणि मोठे होत जाते. वांझ अंडे पिवळट, मऊ राहते, खचते आणि अखेर बुरशीच्या स्वाधीन होते. लक्षणे सांगायला सोपी आहेत, पण ती खात्री देत नाहीत. ओल कमी पडली, तर जिवंत अंड्यालाही खळगा पडतो. पिल्लू बाहेर येण्याच्या सुमारास तर उत्तम अंडेही सुरकुतते. मादीजवळ नर नव्हता, हा पुरावाही निर्णायक नाही; कारण नराचे बीज ती महिनोन्महिने आपल्या देहात जपून ठेवू शकते.

म्हणून अंधाऱ्या खोलीत, अंड्याला टेकवून बारीक विजेरी लावली जाते. आठवडाभरात जीव धरलेल्या अंड्यात तांबूस वर्तुळ दिसू लागते आणि त्यातून केसासारख्या रक्तवाहिन्या फुटलेल्या दिसतात. वांझ अंडे सगळीकडून सारखेच पिवळे उजळते. मात्र पाहण्यातही जोखीम आहे. कोंबडी आपली अंडी वरचेवर उलटवते. पालीच्या अंड्याला ते सोसत नाही. पहिला दिवस सरता सरता गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, आणि नंतर अंडे उलटले तर तो दगावू शकतो. अंडे उचलताना वरची बाजू वरच राहावी, म्हणून तिच्यावर आधीच पेन्सिलीने खूण करून ठेवतात. जाणून घेण्याची घाई जीवावर बेतू नये, एवढाच त्या खुणेचा अर्थ.

महाभारताच्या आदिपर्वातील विनतेलाही दोनच अंडी होती. सवतीची सहस्र अंडी पाचशे वर्षांनी फुटली, हिची तशीच राहिली. तिने धीर सोडून एक फोडले. आत अर्धाच घडलेला अरुण निघाला आणि त्याने आईला दास्याचा शाप दिला. दुसऱ्या अंड्यासाठी तिला आणखी पाचशे वर्षे थांबावे लागले, तेव्हा गरुड आला. विनतेच्या कृत्यात मत्सर होता, तशीच शंकाही होती. तिच्यापाशी फोडण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. विजेरी बाळगणाऱ्याला तेवढी सबब उरलेली नाही.

त्याच्यावर तर आणखीही भार आहे. उबवणीचे तापमान २६ अंशांच्या आसपास राखले, तर जवळजवळ सगळ्या माद्या निपजतात. ३२ अंशांच्या जरा वर नेले, तर बहुतेक नर. थंडाव्यात वाढ मंदावते, आणि रक्ताची खूणही उशिरा दिसते. म्हणजे ज्याला शंका आहे, त्याच्याच हाती पिल्लाचे दैवही आहे.

दोहोंपैकी एकच अंडे तांबूस उजळले, तर दुसऱ्याचे काय करावे? जाणते पाळणारे ते लगेच टाकीत नाहीत. अंडे खरोखर निर्जीव असेल, तर कुजून ते स्वतःच तसे सांगते. तोवर त्याला डबीतली थोडी जागा लागते, इतकेच. ‘मार्तंड’ या शब्दाची व्युत्पत्ती ‘मृत अंड’ अशी दिली जाते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अदितीने आपल्या आठ पुत्रांपैकी ज्याला टाकून दिले, तो हा. पुढे याच नावाने सूर्य ओळखला गेला, आणि महाराष्ट्रात जेजुरीचा खंडोबाही. अंडे मेलेले आहे, असा निवाडा देण्याआधी काही आठवडे वाट पाहायला या नावाने शिकवावे, हे मराठी माणसाला तरी अपरिचित वाटू नये.