काठ मोकळा हवा

स्पीकरची जाळी काढली आणि आतल्या फळीवर काळा भुगा पसरलेला दिसला. बोट लावलं तर चिकटला. साबणाने हात धुतल्यावरही नखांच्या कडेला काजळी राहिली. आठ इंची वूफर. कागदी कोन धडधाकट, कुठे चीर नाही, दुमड नाही. मागचं चुंबक इतकं जोरकस की हातातला स्क्रू ड्रायव्हर ओढून घेतो. मल्टिमीटर लावला तर कॉइल सहा ओहमच्या आसपास दाखवते, म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरला अगदी योग्य. सगळं जिवंत. गेली होती फक्त कड, कोनाला लोखंडी सांगाड्याशी जोडणारं फोमचं कडं.

ऐंशीच्या दशकातल्या, फोमची कड असलेल्या जवळजवळ प्रत्येक जोडीचं आज हेच झालेलं असतं. मग ती रोज वाजलेली असो की कपाटावर चादरीखाली झाकून ठेवलेली. हा फोम पॉलियुरेथेनचा. हवेतला ओलावा त्याच्या साखळ्यांमधले दुवे तोडतो, तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तोडमोड आणखी वेगाने करतं. खोक्यात जपून ठेवलेले बूट काही वर्षांनी काढावेत आणि चार पावलांत तळ गळून पडावा, त्यामागेही बहुतेक वेळा हेच. म्हणून ‘आम्ही तो कधी वाजवलाच नाही हो, जपून ठेवला’ असं कुणी सांगितलं की मला हळहळ वाटते. न वाजवल्याने फोम टिकत नाही. वाजवून तरी घ्यायचा होता.

आमचं जालना लोखंडाचं गाव. ठिकठिकाणचं भंगार इथल्या भट्ट्यांत वितळतं आणि सळ्या होऊन बाहेर पडतं. इथला भंगारवाला स्पीकर हातात घेतला की आधी उलटा करतो, चुंबक तोलतो, कॉइलच्या तांब्याचा अंदाज घेतो. कोनाकडे त्याची नजर जात नाही. वजनावर घेणाऱ्याची ती नजर, तिच्यात काही चूक नाही. पण घरातल्या माणसांनीही त्याच नजरेनं बघावं, चार-दोन ग्रॅम फोमपायी अख्खा स्पीकर तराजूत टाकावा, हे मला सहन होत नाही.

कड इतकी नाजूक केलीच कशाला? १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कॉइलवर हलणाऱ्या कागदी कोनाचा स्पीकर मांडला, त्याचाच वंश आजही आपल्या घरात आहे. १९५४ साली एडगर विल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम द्यायची कल्पना काढली. मग स्वतःचा ताठरपणा जवळजवळ नसलेली, कोनाला मनसोक्त पुढे-मागे होऊ देणारी कड हवी झाली. विल्चर यांच्या सुरुवातीच्या स्पीकरांची कड कापडाची होती. फोम मागाहून आला. हलका, स्वस्त, आणि कोनाच्या टोकापर्यंत धावत आलेली थरथर मागे न परतवता स्वतःत जिरवणारा.

थरथर आणि वजन यांचं हे नातं मला आधी कणकेतून कळलं होतं.

अंबड तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला आमचं गाव. चैत्रात मारुतीच्या पारावर सप्ताह बसायचा. मंडपामागे चुली, तिथे बायांचा स्वयंपाक चाललेला, आणि दिवे लागले की मृदंगवाल्या महाराजांची हाक यायची, ‘कणीक येऊ द्या!’ कणीक पोचवण्याचं काम माझं. परातीतून मुठीत मावेल एवढा गोळा घ्यायचा, पितळी वाटीत घालायचा आणि सतरंजीवर बसलेल्या टाळकऱ्यांच्या रांगेमधून पाय न लावता पुढे जायचं. महाराज गोळा बोटांत चेपून बघत. ‘लई पातळ झाली, माय. घट्ट मळून आण.’ मी उलट्या पावली परत. दुसऱ्यांदा आणलेला गोळा त्यांना चाले.

मग जे ते करत, ते बघायला मी तिथेच उकिडवी बसून राही. डाव्या पुडीच्या मधोमध पाण्याचं बोट फिरवायचं. त्यावर कणीक थापायची, गोल, मध्ये जाड, कडेला पातळ होत गेलेली. एक थाप. कान पेटीकडे. चिमूटभर कणीक काढायची. पुन्हा थाप. पुन्हा थोडी लावायची. आणि मग एका थापेला आवाज एकदम खाली उतरायचा, सतरंजीखालच्या जमिनीतून तळपायाला लागायचा. उजव्या पुडीवर शाई कायमची बसवलेली, लोखंडाचा कीस आणि भाताची खळ घोटून केलेली. डावी मात्र रोज नव्याने भरायची. चैत्रातल्या कोरड्या हवेत कीर्तन उत्तररंगाला येईतो ती कणीक वाळायला लागे, आवाज वर चढू लागे, आणि महाराज बोलणाऱ्या बुवांवरची नजर न काढता शेजारच्या तांब्यात बोट बुडवून ती पुन्हा ओलावत. मध्यरात्र उलटल्यावर सगळी खरवडून काढायची. ती पहाटे गायीला.

मुलींनी मृदंगाला हात लावू नये असं कुणी म्हणालं नव्हतं. लाव असंही कुणी म्हणालं नव्हतं. एका रात्री कीर्तन संपल्यावर, मंडप रिकामा होत असताना, महाराजांनी मृदंग माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, ‘खरवडायच्या आधी एक थाप मार, माय. रोज कणीक तूच आणतीस.’ मी मारली. पंजा उघडा ठेवून, ते ठेवत तसा. आवाज फार मोठा आला नाही, पण तो थांबेचना. माझं मनगट, कोपर, दातांची मुळं, सगळीकडे तो थोडा थोडा शिरला. पुढे शाळेत नाद, कंपन, वारंवारता हे धडे आले तेव्हा मला ते वाचावे लागले नाहीत.

पाराशेजारच्या लिंबाला भोंगा टांगलेला असे. रात्री मळ्यावर राखणीला गेलेली माणसं तिथूनच कीर्तन ऐकत. एकदा मीही मळ्यावरून ऐकलं, आणि भोंग्यातून आलेला मृदंग म्हणजे नुसतं वरचं टकटक. काहीशे हर्ट्झच्या खाली भोंगा जवळजवळ मुका असतो. शब्द लांबवर फेकायला तो बनवलेला, आणि ते काम तो चोख करतो. पण कणकेनं कमावलेलं सगळं मंडपातच राहून जात होतं. मळ्यावर माझे चुलते बसत. त्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षं अर्धाच मृदंग आला, याची चुटपुट मला आजही आहे, आणि जुना वूफर दिसला की मी तो टाकून देऊ शकत नाही याचं कारणही बहुधा तिथलंच.

सी. व्ही. रामन यांनी आपल्या चर्मवाद्यांवर १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत आणि पुढे १९३४ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी बेसूर असतात. मध्ये शाईचा भार दिला की ते सुरेल नात्यात येतात, हे त्यांनी दाखवलं. नोबेल मिळवून देणाऱ्या प्रकाशाच्या कामाइतकंच मला हे काम मोठं वाटतं. ज्यांनी आधी कधीतरी लोखंडाचा कीस खळीत कालवून पुडीवर घोटला त्यांची नावं कुठे नाहीत, पण त्यांच्या कानाची साक्ष रामन यांनी गणितात लिहून ठेवली.

मृदंग आणि स्पीकर, दोन्हीकडे पडदाच हलतो. पण मृदंगाची कड वादीने आवळून, गट्टे ठोकून ताणतात तेव्हा तो बोलतो. स्पीकरची कड ताणली की तो गुदमरतो. नवं कडं बसवताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं.

हे कडं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा दिल्लीच्या लजपतराय मार्केटमधून मागवता येतं. ‘आठ इंची’ एवढंच सांगून भागत नाही. आठ इंच हे सांगाड्याचं माप. कोन त्याहून लहान. कोनाचा व्यास, कड्याचं आतलं भोक, बाहेरचा काठ, सगळं पट्टीने मोजून सांगायचं. आणि नेहमी जोडीनं मागवायचं, कारण एका बाजूला नवा फोम आणि दुसरीकडे मरणपंथाला लागलेला, अशी जोडी एका सुरात बोलत नाही.

जुना फोम काढणं हे सगळ्यात वेळखाऊ काम, आणि मला त्याचा कंटाळा नाही. आधी तारांवर खूण करायची. मग सांगाड्यावरच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या न तोडता उचलायच्या, त्या परत लागतात. कोनाच्या काठावरचा चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने मऊ करून बोटांनीच काढायचा. थिनर वापरू नये. तो कागदात मुरतो आणि आतला डिंक सोडवतो. फेव्हीक्विकही नको, ते वाळून काचेसारखं कडक होतं. वाळल्यावरही लवचीक राहणारा पांढरा गोंद घ्यावा. पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही, वैशाखात हात फिरायच्या आत वाळतो. दिवाळीनंतरचे दिवस या कामाला उत्तम.

आधी कडं फक्त कोनाला चिकटवायचं आणि रात्रभर सोडायचं. सांगाड्याची बाजू दुसऱ्या दिवशी. चुंबकाच्या फटीत कॉइलला दोन्ही अंगांना मिलिमीटरचा काही अंशच मोकळा असतो, आणि ती नेमकी मध्ये बसली नाही तर घासते. काही जण मधली टोपी कापून फटीत जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या खोचतात. मी टोपी कापत नाही. मोबाइलवरून अॅम्प्लिफायरमध्ये तीस हर्ट्झचा मंद स्वर सोडते. कानाला जेमतेम कळतो, पण कोन डोळ्यांना दिसेल असा डोलतो. गोंद ओला असतानाच कड्याचा काठ चारी बाजूंनी दाबत जायचं. खरखर आली की त्या बाजूला केसभर सरकवायचं. डोलता डोलता कॉइल स्वतःची जागा सांगते. खरखर पूर्ण गेली की पट्ट्या परत लावायच्या आणि हात काढून घ्यायचा. शेवटी पेन्सिल सेलच्या तारा क्षणभर टेकवून बघायच्या. धन टोक धनाला लावलं तर कोन बाहेर यायला हवा.

मग तबला लावायचा. मी नवे स्पीकर तपासायला लोक वापरतात ती धडधड वापरत नाही, कारण ती कशीही वाजली तरी बरोबरच वाटते. डग्ग्यावर मनगट घासत नेलेली मींड मात्र खोटं बोलू देत नाही. अंबडच्या दत्तजयंतीच्या संगीतोत्सवात, ज्याच्याशी गोविंदराव जळगावकरांचं नाव जोडलेलं आहे, मार्गशीर्षातल्या थंडीत मी पुढच्या रांगेत बसून डग्गा ऐकलेला आहे, तेव्हा तो कुठवर खाली जातो हे मला माहीत आहे. फाटक्या कडेच्या वूफरमधून मींड अर्ध्यावर विरते. नव्या कडेतून ती तळापर्यंत जाते.

रबराचं कडं फोमहून पुष्कळ टिकतं, हे खरं. पण ते जड असतं, आणि फोमसाठी आखलेल्या कोनावर लावलं की त्याची चाल बदलते. मी जिथे फोम होता तिथे फोमच लावते. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा लावावा लागेल, लावू. सध्या शेजारच्यांची बारा इंची जोडी टेबलावर आली आहे. ‘ताई, हिचंही बघा,’ म्हणून ठेवून गेले. तिची कड सुती कापडाची, वर लेप दिलेली, आणि एवढी वर्षं होऊनही एक धागा उसवलेला नाही. तिच्यावर मऊ ब्रश फिरवला, पुठ्ठ्यावरची धूळ काढली आणि सकाळी परत पाठवून दिली.