जोडावरची रेघ

दोन वेगळी चित्रे एकत्र आणून त्यांतून एकसंध दृश्य उभे करण्याचा खटाटोप मराठी माणसाला नवा नाही. मूकपटांच्या काळात दादासाहेब फाळके एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून चमत्कार दाखवीत. आज हे काम संगणकावर होते. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरला जोडायची प्लगिने लिहिणे आणि दुरुस्त करणे हा आमचा, शिरवण्याच्या एका खोलीत चालणारा उद्योग.

गेल्या पावसाळ्यात दृश्य धूसर करणारे एक प्लगिन आमच्याकडे आले. एका सॉफ्टवेअरमध्ये ते निर्दोष चाले; दुसऱ्यात मात्र चित्रावर ठराविक अंतराने बारीक रेघा उमटत. आठ दिवस आम्ही सूत्रे तपासली. गणित अचूक होते.

कारण निराळेच निघाले. २००४ च्या सुमारास आकाराला आलेल्या ओपनएफएक्स या मानकात सॉफ्टवेअरला होस्ट, म्हणजे यजमान, म्हणतात. हा यजमान मोठे चित्र चौकटींत कापून एकेक चौकट प्लगिनपुढे ठेवू शकतो. धूसर करताना तर प्रत्येक ठिपक्याला शेजारच्या ठिपक्यांची सरासरी लागते, आणि कडेच्या ठिपक्याचे काही शेजारी पलीकडच्या चौकटीत असतात. 'एवढे बाहेरचेही दाखवा' हे प्लगिनने आधी कळवावे लागते; न कळवल्यास चौकटीपुरतेच मिळते. पहिला यजमान सगळे चित्र एकदम देई, म्हणून त्याच्याकडे उणीव झाकली गेली होती. ती मागणी लिहिताच रेघा नाहीशा झाल्या.

साहित्याच्या वर्गात आपण उतारा कापून देतो, तेव्हा असेच घडते. त्यातल्या पहिल्या 'तरीही'चा आधार मागच्या पानावर राहून जातो. विद्यार्थ्याचे विवेचन आतून बिनचूक, कडेला मात्र फाटलेले. आणि गुण कापले जातात ते त्याच्या समजुतीचे. आमच्या गावाचेही तसेच. सिडकोची स्थापना १९७० ची, गावठाण त्याआधीचे. पण नवी मुंबई सेक्टरगणिक पाहणाऱ्याला आमची वाकडी गल्लीच आखणीतली चूक वाटते.

मग संदर्भ किती मागावा? सगळाच मागितला तर यंत्र मंदावते, आणि वर्गही. प्लगिनपुरते उत्तर नेमके आहे: धूसरपणाच्या त्रिज्येइतका. वाचनात ही त्रिज्या आपण विचारलेल्या प्रश्नावरून ठरते. म्हणून उतारा कापणाऱ्याने प्रश्न आधी लिहावा आणि कात्री मागाहून हाती घ्यावी, असे आम्हांस वाटते.